‘डॉक्टरांनी सांगितलं होतं’ एवढं पुरत नाही : नर्सिंगच्या पदवीतली नीती, कायदा आणि वॉर्ड

बीएस्सी नर्सिंगचा सध्याचा अभ्यासक्रम भारतीय नर्सिंग परिषदेने 2021 मध्ये ठरवून दिला. त्यात चौथ्या सेमिस्टरला व्यावसायिकता, मूल्यं आणि नीतिशास्त्राचा एक क्रेडिटचा विषय आहे, 20 तासांचा. पाचव्या सेमिस्टरला न्यायवैद्यक नर्सिंग आणि भारतीय कायद्यांची ओळख आहे, तीही 20 तासांची. फार्माकॉलॉजी आणि मेडिकल-सर्जिकलच्या जाडजूड वह्यांपुढे हे दोन्ही विषय किरकोळ वाटतात आणि परीक्षेच्या आठवड्यात उरकले जातात. स्वायत्तता, हितकारिता, अहानी, न्याय. चार तत्त्वं, चार व्याख्या, पेपर संपला.

मग इंटर्नशिप येते, पहिली नाइट ड्यूटी येते, आणि या चाळीस तासांत काय शिकायला हवं होतं ते तिथे समजतं.

हा विषय समजून घेण्याचा सोपा रस्ता असा. वॉर्डातल्या कुठल्याही अवघड क्षणाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. रुग्णाच्या भल्याचं आणि न्याय्य काय आहे? हा नीतीचा प्रश्न. मला काय करणं भाग आहे आणि कशाला बंदी आहे? हा कायद्याचा. आणि माझ्या जागी, एवढंच शिक्षण घेतलेली, भानावर असलेली दुसरी नर्स असती तर तिने काय केलं असतं? हा व्यवसायाचा प्रश्न. बहुतेक वेळा तिन्हींचं उत्तर एकच येतं. जिथे येत नाही तिथे गडबड होते, आणि ती गडबड निस्तरणारी ठिकाणंही वेगळी असतात. कायद्याचा हिशेब पोलीस, कोर्ट आणि ग्राहक आयोग करतात. व्यवसायाचा हिशेब राज्याची नर्सिंग परिषद करते. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली चालणाऱ्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तुमच्या नावाची नोंद असते, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर ते नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकारही तिच्याकडेच असतो. (1947 च्या भारतीय नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला आहे. पेपरात दोन्ही वर्षं विचारली जातात.)

आता एक प्रसंग अगदी जवळून बघू.

रात्रीचे पावणेदोन. रुग्णाच्या रक्तातलं पोटॅशियम 2.8 आलंय, म्हणजे कमी. केसपेपरवर ऑर्डर आहे : ‘इंज. केसीएल 2 ॲम्प्युल आयव्ही स्टॅट’. म्हणजे केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) दोन ॲम्प्युल शिरेतून, ताबडतोब. ट्रॉलीत त्या ॲम्प्युल आहेत. आपल्याकडे सर्रास मिळणारी ॲम्प्युल 10 मिलीची, 15 टक्क्यांची, म्हणजे एका ॲम्प्युलमध्ये 20 एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजण्याचं एकक) पोटॅशियम. दोन ॲम्प्युल म्हणजे 40. ऑर्डरमध्ये कशात मिसळायचं ते नाही, किती वेळात द्यायचं ते नाही, आणि वर ‘स्टॅट’ लिहिलंय. हे शब्दशः पाळून सिरिंजने थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं. त्यात ‘कदाचित’ नाही.

साध्या वॉर्डात, हाताच्या शिरेतून पोटॅशियम देण्याची नेहमीची मर्यादा तासाला 10 एमईक्यू आणि लिटरमागे 40 एमईक्यू अशी आहे. म्हणजे या दोन ॲम्प्युल एक लिटर नॉर्मल सलाइनमध्ये (एनएस) मिसळून किमान चार तास चालवायच्या. मिसळल्यावर बाटली किंवा बॅग चार-पाच वेळा उलटी-सुलटी करायची, नाहीतर जड द्रव तळाशी बसतो आणि पहिल्या काही मिनिटांतच मोठा डोस आत जातो. सुरू करण्याआधी लघवी नीट होतेय ना ते बघायचं. वयस्कर, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसाला एक लिटर पाणी झेपेल का, हेही विचारायचं.

इथे नर्सपुढे चार वाटा असतात आणि त्यांतल्या तीन चुकीच्या आहेत.

पहिली, ऑर्डर जशीच्या तशी पाळणं. उद्या चौकशीत ‘डॉक्टरांनी लिहिलं होतं’ हे उत्तर चालत नाही, कारण सर्वसाधारण सक्षम नर्सला हे औषध कसं द्यायचं नसतं ते माहीत असायला हवं. ऑर्डर लिहिणाऱ्याची चूक आणि देणाऱ्याची चूक या दोन स्वतंत्र चुका मोजल्या जातात.

दुसरी, ऑर्डर गुपचूप बाजूला ठेवणं. पोटॅशियम खरंच कमी आहे. न देण्यानेही इजा होऊ शकते.

तिसरी वाट चांगल्या, अनुभवी नर्सही पकडतात, आणि तीच सगळ्यांत फसवी आहे. ‘डॉक्टरांना म्हणायचं असणार सलाइनमधून,’ असं मनाशी ठरवून स्वतःच पातळ करून लावायचं आणि कुणाला काही सांगायचं नाही. रुग्ण बचावतो. पण कागदावर चुकीची ऑर्डर तशीच राहते. सकाळी ओव्हर (ड्यूटीचा ताबा) घेणारी नवी स्टाफ तीच ऑर्डर वाचते, आणि तुम्ही मनात केलेली दुरुस्ती तिला दिसत नाही. शिवाय औषध कशात, किती वेळात द्यायचं हे स्वतःच्या मनाने ठरवणं तुमच्या अधिकारकक्षेबाहेरचं आहे.

चौथी वाट बरोबर. औषध थांबवायचं, रेसिडेंटला फोन करायचा आणि शब्द नेमके वापरायचे. ‘सर, केसीएलचं काय करू?’ असं नाही. ‘सर, बेड 14, पोटॅशियम 2.8, आपली ऑर्डर दोन ॲम्प्युल आयव्ही आहे. थेट देता येणार नाही. 40 एमईक्यू एक लिटर एनएसमध्ये, तासाला 250 मिली, चार तासांत, असं चालेल का?’ उत्तर आलं की ते परत वाचून दाखवायचं, त्यांनी ‘हो’ म्हटल्यावर फोनवरची ऑर्डर म्हणून वेळेसह लिहायचं, जमल्यास दुसऱ्या नर्सने ऐकलेलं असावं, आणि रुग्णालयाच्या नियमात दिलेल्या मुदतीत, साधारण 24 तासांच्या आत, डॉक्टरांची सही घ्यायची. समोरून ‘सांगितलंय तेवढं करा’ असं आलं तर? नकार द्यायचा. शांतपणे, कारणासकट. मग इन्चार्ज सिस्टर किंवा रात्रीच्या सुपरवायझर, मग वरिष्ठ डॉक्टर. आणि नोंद : किती वाजता कुणाला काय कळवलं, काय उत्तर आलं. नकार देऊन गप्प बसणं म्हणजे पुन्हा दुसरीच वाट.

या एका ॲम्प्युलमध्ये त्या चारांतली दोन तत्त्वं आहेत. इजा होऊ न देणं तर उघड आहे. हितकारिता म्हणजे औषध टाळायचं नाही, सुरक्षित पद्धतीने पोचवायचं. व्याख्या पाठ करताना हे दिसत नाही, म्हणून नीतीचा अभ्यास फार्माकॉलॉजीची वही शेजारी उघडी ठेवून करावा, असं आमचं ठाम मत आहे.

आता निष्काळजीपणा म्हणजे कायद्याच्या नजरेत काय ते बघू. वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही. चार गोष्टी एकामागोमाग सिद्ध व्हाव्या लागतात : काळजी घेण्याची जबाबदारी तुमच्यावर होती, ती तुम्ही मोडली, त्यामुळेच इजा झाली, आणि ती इजा खरोखर झाली. यातली ‘त्यामुळेच’ ही कडी सगळ्यांत जास्त वेळा तुटते. रुग्णाला सकाळचं इंजेक्शन तासभर उशिरा मिळालं आणि संध्याकाळी तो वेगळ्याच कारणाने दगावला, तर उशीर ही चूक आहेच, पण मृत्यूचं कारण ती नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरचा पायाभूत निकाल महाराष्ट्रातल्याच घटनेचा आहे. 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, आणि हाड बसवताना योग्य भूल न देता जोर लावल्याने धक्का बसून तो त्याच दिवशी गेला. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले हा तो खटला, निकाल 1968 चा. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि प्रत्यक्ष उपचार देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर काळजी घेण्याचं कर्तव्य असतं, असं त्यात सांगितलं. पहिला टप्पा नर्सलाही लागू करून बघा. न येणारं काम अंगावर घेणं हीच पहिली चूक असते. विद्यार्थिनीने ‘मला हे एकटीने येत नाही, कुणीतरी बरोबर हवं’ म्हणणं यात कमीपणा नाही, कारण समोरच्या रुग्णाला ‘शिकाऊ’ दर्जाची काळजी देण्याची सवलत कुणालाच नसते.

नर्सिंगच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा निकाल म्हणजे 1998 चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटला. टायफॉइडसाठी दाखल झालेल्या लहान मुलाला नर्सने शिरेतून इंजेक्शन दिलं, मूल तिथेच कोसळलं, हृदय थांबलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पात्रताधारक नव्हती आणि कुठल्याही राज्याच्या नर्सिंग परिषदेत तिची नोंदणी नव्हती, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाला आढळलं. भरपाई ठरली मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांसाठी पाच लाख, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. कर्मचाऱ्याच्या चुकीची भरपाई रुग्णालयाला द्यावी लागते. आणि नोंदणी ही भिंतीवर लावायची फ्रेम नाही. वेळेवर नूतनीकरण न करता ड्यूटी करणारी नर्स स्वतःलाही आणि संस्थेलाही उघड्यावर पाडते.

रुग्णालय भरपाई देतं म्हणजे नर्स सुटली, असं मात्र नाही. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 106(1) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून असं घडल्यास मर्यादा दोन वर्षांची. पण हा ‘वैद्यक व्यावसायिक’ कोण, ते त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिलंय : राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. म्हणजे डॉक्टर. कलमाच्या शब्दांनुसार नर्स त्यात बसत नाही. एकाच घटनेत डॉक्टरांपुढे दोन वर्षांची कमाल शिक्षा आणि नर्सपुढे पाच वर्षांची, हे अन्यायाचं आहे असं आम्हाला वाटतं, पण आज कायद्याची अक्षरं अशी आहेत आणि ती प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत हवीत. दिलासा एवढाच की 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ, अक्षम्य हयगय लागते.

संमतीचा विषय सगळ्यात जास्त गैरसमजांचा.

संमतिपत्रावर ‘साक्षीदार’ म्हणून नर्स सही करते तेव्हा ती काय सांगत असते? या माणसाने माझ्यासमोर सही केली, तो शुद्धीवर होता, कुणी दडपण आणलेलं दिसलं नाही. एवढंच. शस्त्रक्रिया, तिचे धोके आणि पर्याय समजावून सांगणं हे ती करणाऱ्या डॉक्टरांचं काम. त्यामुळे सही करता करता रुग्णाने विचारलं, ‘सिस्टर, नक्की कशाचं ऑपरेशन आहे?’, तर पेन बाजूला ठेवायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. समजावलं गेलेलं नाही हे तुम्हाला कळलंय, आता तुम्ही साक्ष देऊ शकत नाही. त्याचप्रमाणे मिडॅझोलॅमसारखं गुंगीचं औषध दिल्यानंतर घेतलेली सही कामाची नाही. म्हणून ऑपरेशन थिएटरला पाठवण्याच्या यादीत ‘संमतिपत्र’ हा रकाना ‘प्रीमेड’च्या (ऑपरेशनआधीच्या औषधांच्या) आधी तपासायचा. नंदुरबारच्या पाड्यावरून आलेल्या बाईपुढे इंग्रजी फॉर्म ठेवून अंगठा घेतला तर कागद पूर्ण झाला, संमती झाली नाही. तिच्या बोलीत सांगणारं माणूस शोधायचं आणि कुणी, कोणत्या भाषेत सांगितलं ते त्याच पानावर लिहायचं.

आणि नातेवाइकांची सही. आपल्याकडे बाईच्या कागदावर नवऱ्याची, म्हाताऱ्याच्या कागदावर मुलाची सही घेतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती फक्त त्याचीच. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात दुर्बिणीने तपासणीची संमती दिलेली स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. जीव वाचवण्याची निकड नव्हती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, म्हणून आईची संमती ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तपासणीला दिलेला होकार उपचाराला लागू होत नाही.

गर्भपाताच्या कायद्यात, म्हणजे 1971 च्या आणि 2021 मध्ये सुधारलेल्या एमटीपी कायद्यात, सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. 18 वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, नियमांतल्या ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोघांचं. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेतही जोडीदाराची सही बंधनकारक नाही. तरीही वॉर्डात ‘मालकांना बोलवा, मग बघू’ असं म्हटलं जातं आणि बाई परत जाते. परत गेलेली बाई कुठे जाते हे नर्सिंगमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.

अपवाद एकच मोठा. बेशुद्ध, जिवावर बेतलेलं, सोबत कुणी नाही किंवा बोलवायला वेळ नाही. तिथे सद्‌हेतूने, त्याच्या हितासाठी केलेल्या उपचाराला न्याय संहितेचं कलम 30 संरक्षण देतं. पण तेवढ्यापुरतंच. जीव वाचवण्यासाठी पोट उघडलं म्हणून सोबत हर्नियाही उरकून टाकता येत नाही.

उपचार नाकारण्यालाही संमतीचाच नियम. डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन जाणाऱ्या रुग्णाने फॉर्मवर सही नाकारली तर जबरदस्ती नाही. ‘धोके सांगितले, रुग्णाने सही नाकारली’ असं, सांगणाऱ्या डॉक्टरांच्या नावासह आणि वेळेसह लिहायचं. मानसिक आजाराच्या वॉर्डात हात-पाय बांधण्याबद्दल तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट आहे : दुसरा इलाजच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरत्याच वेळेसाठी. शिक्षा म्हणून नाही आणि ‘ड्यूटीला माणसं कमी आहेत’ म्हणून तर नाहीच.

गोपनीयतेचं तत्त्व सगळ्यांना पाठ असतं आणि रोज मोडलं जातं. एचआयव्ही बाधित रुग्णाच्या फाइलवर लाल शाईची खूण, खाटेवर वेगळी पाटी, मावशींना ‘जरा सांभाळून’ अशी सूचना. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार चाचणीलाही माहितीपूर्ण संमती लागते आणि निष्कर्ष उघड करायलाही. खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते, म्हणून खुणेची गरजच नाही. खूण केल्याने उलट बिनखुणेच्या रुग्णाला टोचताना हात सैल पडतो. दुसरी जागा मोबाइल. वॉर्डात गणवेशात काढलेल्या रीलमध्ये मागे केसपेपर, चेहरा किंवा खाटेचा क्रमांक दिसला की झालं. ‘नाव नाही सांगितलं’ हा बचाव नाही. गावचं माणूस खाटेवरची गोधडीसुद्धा ओळखतं.

पण गुप्तता पाळायची की कळवायचं, अशी ओढाताण होते तेव्हा काय? सोळा वर्षांची मुलगी, दोन महिने पाळी चुकलेली, आई हात जोडून म्हणते, ‘सिस्टर, पोलिसांत नका जाऊ.’ मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. दुसरीकडे भीतीपोटी ही मुलगी पळून जाऊन भोंदूकडे गेली तर तिचा जीव जाईल. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात वाट काढली. परस्परसंमतीच्या संबंधांतून गर्भ राहिलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. कळवणं सुटत नाही, नाव झाकता येतं. नर्सने करायचं ते असं : ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊन बसायचं नाही, मुलीशी आईशिवाय थोडं एकटं बोलायचं, प्रमुख डॉक्टरांना लगेच सांगायचं, आणि निर्णय एकटीने अंगावर घ्यायचा नाही. अत्याचाराच्या बाबतीत उपचार एफआयआरसाठी थांबत नाहीत. खासगी असो की सरकारी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने आणि मोफत उपचार द्यायचे, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 म्हणतं. ओळख प्रसिद्ध करणं न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा. एमएलसीत, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसमध्ये, कपडे कापावे लागले तर भोसकलेल्या किंवा गोळीच्या छिद्रातून कात्री चालवायची नाही, छिद्र सोडून कापायचं, आणि ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये कोंबायचे नाहीत, कुजून पुरावा जातो. वाळवून कागदी पिशवीत, लेबल, सही, कुणाच्या ताब्यात दिले ती नोंद.

आता लिहिण्याबद्दल. कोर्टात तुम्ही तीन वर्षांनी उभ्या राहता, तेव्हा त्या रात्रीचं काहीच आठवत नसतं. नोंद हीच तुमची स्मरणशक्ती. पुढील दोन नोंदी शेजारी ठेवून वाचा.

‘रात्री रुग्ण पडला. डॉक्टरांना कळवले. आता बरा आहे.’

‘रात्री 2.10 : रुग्ण खाटेच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसलेला आढळला. “लघवीला उठलो, पाय सरकला” असे स्वतः सांगितले. शुद्धीवर, स्थळ-काळाचे भान आहे. नाडी 92, रक्तदाब 138/84, श्वसन 18. उजव्या कोपरावर 2 सेंमी खरचटले, डोक्याला बाहेरून खूण नाही. डावी साइड रेल वर, उजवी खाली. 2.15 : ड्यूटी डॉक्टरांना फोन. 2.30 : तपासले, दर तासाला निरीक्षणाची सूचना. 2.40 : बेल हाताशी दिली, दोन्ही रेल वर. मुलाला फोनवर कळवले.’

पहिलीत ‘पडला’ आहे, पण पडताना कुणी पाहिलं? दुसरीत ‘आढळला’ आहे, कारण तेवढंच खरं आहे. रुग्णाचे शब्द अवतरणात आहेत, निष्कर्ष नाही. उजवी रेल खाली होती हे स्वतःला अडचणीचं वाटलं तरी लिहिलंय, आणि म्हणून बाकीच्या नोंदीवर विश्वास बसतो. ‘बरा आहे’ऐवजी आकडे आहेत. ‘सामान्य’, ‘ठीक’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द नोंदीतून हद्दपार करावेत.

चूक झाली तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर लावलेलं पान वकिलाला प्रथम दिसतं. उशिरा आठवलं तर ‘उशिराची नोंद’ म्हणून आत्ताची वेळ टाकून लिहायचं, मागच्या ओळींच्या फटीत घुसवायचं नाही. औषध दिल्यानंतर सही, आधी नाही. सहा वाजताच्या सगळ्या औषधांवर साडेपाचलाच सह्या करून ठेवण्याची सवय अनेक वॉर्डांत आहे. मग सव्वासहाला रुग्ण एक्स-रेला गेलेला असतो, गोळी ट्रेमध्ये असते आणि कागद म्हणतो दिली. दुसरीने दिलेल्या औषधावर आपली सही करू नये, मैत्रीतसुद्धा. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत कागदपत्रं द्यायची, हा डॉक्टरांसाठीचा 2002 चा नियम आहे. तेव्हा तुमचं लेखन घरची माणसं वाचणार आहेत, हे धरूनच ‘कटकट्या’, ‘नाटक करतो’ असले शेरे टाळायचे.

नर्सच्या स्वतःच्या हक्कांचा भाग अभ्यासक्रमात घाईने उरकतात, म्हणून दोन ओळी. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा नर्स आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

शेवटी ज्या प्रकरणाशिवाय हा विषय शिकवलाच जात नाही ते. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढे त्यांचं अन्न-पाणी थांबवावं, अशी याचिका त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेली. 7 मार्च 2011 ला निकाल आला. ठरावीक प्रक्रियेने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार काढून घेता येतील हे देशात प्रथम मान्य झालं. 2018 आणि 2023 च्या निकालांनी ती प्रक्रिया बदलली. आता ‘पुढे कोणते उपचार नकोत’ हे आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं आणि निर्णय दोन वैद्यकीय मंडळं घेतात. पण 2011 ची ती याचिका मात्र फेटाळली गेली. पेपरात विद्यार्थी इथे ‘निष्क्रिय इच्छामरणाला मान्यता’ लिहून थांबतात आणि याचिका का फेटाळली ते सोडून देतात. स्वतःचं मत सांगू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने बोलायचं कुणी, हा तिथला प्रश्न होता. न्यायालयाने ती जागा याचिकाकर्तीला दिली नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिली. त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. उद्या त्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा, असंही म्हटलं. हा अधिकार रक्ताच्या नात्यातून आलेला नव्हता. तो आला होता इतकी वर्षं रोज आंघोळ घालण्यातून, भरवण्यातून, कूस बदलण्यातून. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर बेडसोअर नाही, याची नोंद निकालात आहे. 18 मे 2015 ला न्यूमोनियाने त्या गेल्या, त्याच रुग्णालयात.

कूस बदलल्याची वेळ दर दोन तासांनी लिहायचा रकाना तुमच्याही चार्टवर आहे.